सतरा जणींची बैठक : एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

5 नोव्हेंबर 2024

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले आहेत. आज संध्याकाळी आमच्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनी मंडळाची बैठक झाली. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मेसच्या हॉलमध्ये बारा सनबोर्डांचं प्रदर्शन लावायचं ठरलं. मजकुराची जबाबदारी माझी.

विषय मी मागून घेतला. आमचं मंडळ दर वर्षी दोन मुलींची मेसची फी भरतं. आणि दर वर्षी स्नेहमेळाव्याच्या खर्चाचा आकडा वाचला की कुणीतरी विचारतंच, हे जेवणखाण कशाला, तेवढ्यात तिसऱ्या मुलीची फी नाही का भागणार? प्रश्न रास्त आहे. मला त्याचं उत्तर कधी देता आलेलं नाही. म्हणून अशा मंडळांतल्या अगदी जुन्या एका मंडळाचा इतिहास नीट लावून बघायचा आहे. बॉस्टनची असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अ‍ॅलम्नी, म्हणजे पदवीधर स्त्रियांची संघटना. आज तिला अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन म्हणतात.

एकीने विचारलं, आपल्याकडचं काही का नाही? आपल्याकडचं येणार आहे, 1888 सालापाशी.

9 नोव्हेंबर

पहिला बोर्ड लिहिला. मॅरियन टॅलबॉट 1880 साली बॉस्टन विद्यापीठातून पदवीधर झाली. वय बावीस. घरचं बरं चाललेलं, वडील डॉक्टर, आई एमिली मुलींच्या शिक्षणासाठी झगडणारी. बॉस्टनमध्ये मुलींसाठी लॅटिन शाळा, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी शाळा, निघाली त्यात या आईचा मोठा वाटा. आता मुलगी पदवी घेऊन घरी बसलेली. बरोबरीच्या मैत्रिणी आपापल्या वाटेने गेलेल्या, तिने शिकलेल्या गोष्टींवर बोलायला कुणी नाही. आईच्या मनात आलं, शहरात अशा आणखी मुली असतीलच, त्यांना एकत्र बोलवावं.

28 नोव्हेंबर 1881 रोजी बैठक झाली. सतरा जणी, आठ महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या पदवीधर. ओबर्लिन, व्हासर, स्मिथ, वेलस्ली, कॉर्नेल, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि बॉस्टन. संघटनेची रीतसर स्थापना 14 जानेवारी 1882 ची.

सुरुवात एकटेपणातून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी कुणी शिष्यवृत्तीचा विचार घेऊन आलेलं नव्हतं. माझ्या आईच्या पिढीत बीए होऊन सासरी गेलेल्या आणि पुन्हा पुस्तकाबद्दल एक वाक्य बोलायला न मिळालेल्या किती बायका होत्या. माझी आई त्यातलीच. बोर्डावर हे लिहिणार नाही, पण इथे लिहून ठेवते.

12 नोव्हेंबर

आज सगळा दिवस एलेन स्वॅलो रिचर्ड्स. हिच्यासाठी एक बोर्ड पुरणार नाही.

व्हासरची 1870 ची पदवीधर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिरलेली पहिली मुलगी, तीही ‘विशेष विद्यार्थिनी’ म्हणून आणि फी माफ करून. तिला वाटलं, आपली परिस्थिती बघून फी माफ केली असेल. खरं कारण पुढे कळलं. कुणी तक्रार केलीच, तर अध्यक्षांना सांगता यावं की ही आमची विद्यार्थिनी नाही. कारण समजतं तर अशा अटीवर मी आलेच नसते, असं ती नंतर म्हणाली. प्रयोगशाळेत ती सुई, दोरा, टाचण्या, कात्री जवळ बाळगायची. कुणाचं बोट बांधून दे, कुणाचे कपड्यांचे पट्टे शिवून दे. इथे आपला वावर खपवून घ्यावा म्हणून ती हे करत होती. 1873 मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळाली. डॉक्टरेट मात्र संस्थेने तिला दिली नाही.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट 1876 ची. बॉस्टनमध्ये स्त्रियांची एक शिक्षणविषयक संस्था होती, विमेन्स एज्युकेशन असोसिएशन. तिच्या बायकांनी पैसे उभे केले आणि त्याच टेक्नॉलॉजी संस्थेत मुलींसाठी वेगळी प्रयोगशाळा उघडली. एलेन तिथे शिकवायची, पगाराशिवाय. 1883 मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली, कारण मुलींना नेहमीच्या प्रयोगशाळांत प्रवेश मिळाला. आपण उभी केलेली गोष्ट गरज संपल्यामुळे बंद व्हावी, यापेक्षा चांगला शेवट त्या बायकांनी तरी काय मागितला असता?

टॅलबॉट मायलेकींनी बैठक घालायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याजवळ एलेन होती. पैसे जमवून दार उघडता येतं, हे तिने पाच वर्षं आधी बघितलेलं होतं.

17 नोव्हेंबर, रविवार

चित्रकार मुलगी आज घरी आली. रंग ठरले: फिकट पिवळी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. फ्लेक्स नको, सनबोर्डच, कारण मेसच्या ट्यूबलाइटखाली फ्लेक्स चमकतो आणि वाचता येत नाही. मजकूर एका बोर्डावर दीडशे शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असं तिने बजावलं. मला ते जड जातं आहे. एलेनचे सुई-दोरा आणि टाचण्या कापायला सांगत होती, मी कापल्या नाहीत.

21 नोव्हेंबर

काल मतदानामुळे कॉलेज बंद होतं, म्हणून दिवसभर सलग बसता आलं. तिसरा आणि चौथा बोर्ड झाला: आरोग्याची पाहणी.

1873 साली बॉस्टनमधल्याच एडवर्ड क्लार्क या डॉक्टरने एक पुस्तक लिहिलं होतं. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत शिकवलेला माणूस. म्हणणं असं, की ऐन वयात मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे जाते, गर्भाशयाचं नीट पोषण होत नाही आणि मुली कायमच्या दुबळ्या होतात. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. घराघरांत बापांच्या हातात आयतं कारण आलं.

संघटनेने याला उत्तर दिलं ते आकड्यांनी. 1,290 पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली पाठवली. तब्येत आधी कशी होती, शिकताना कशी, आता कशी, मासिक पाळीचं काय, व्यायाम किती, काळजी किती. 705 जणींची उत्तरं आली. ती मोजायचं काम मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रमविषयक सांख्यिकी खात्याने केलं. अहवाल 1885 मध्ये निघाला. सुमारे 78 टक्के स्त्रियांची तब्येत चांगली किंवा उत्तम होती.

या बोर्डावर मी एक वाक्य जास्तीचं घातलं आहे. उत्तरं निम्म्याहून थोड्याच जास्त जणींची आली, आणि जिची तब्येत ढासळलेली तिने कदाचित कागद बाजूला ठेवला असेल. मुलींनी संख्याशास्त्र शिकताना हे बघावं असं मला वाटतं. तरीही क्लार्कच्या पुस्तकात मोजक्या रुग्णांच्या हकिगती आणि इथे 705 उत्तरं, हा फरक उरतोच. आणि मुख्य म्हणजे त्या काळात सातशे बायकांनी आपल्या पाळीबद्दल कागदावर लिहून पोस्टाने पाठवलं. अनोळखी खात्याने थेट विचारलं असतं तर लिहिलं असतं का? विचारणारी आपल्यातली होती म्हणून लिहिलं. जेवणखाण कशाला, या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मला इथे सापडलं.

28 नोव्हेंबर

आज त्या बैठकीला बरोबर 143 वर्षं झाली. मुद्दाम आजच शिष्यवृत्तीचा बोर्ड लिहायला घेतला.

पहिली शिष्यवृत्ती 1888 ची. शिकागोकडच्या पदवीधर स्त्रियांची पश्चिमेकडची वेगळी संघटना होती, तिने ती दिली. (पुढच्याच वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या.) रक्कम 350 डॉलर. मिळाली आयडा स्ट्रीट हिला, व्हासरची पदवीधर, मिशिगन विद्यापीठात पुढे शिकायला. 1890 पासून युरोपात जाऊन शिकण्यासाठीही शिष्यवृत्ती सुरू झाली, कारण अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मुलींना बीएपर्यंत घेत, पुढच्या संशोधनाला घेत नसत.

आणि आता आपलं 1888. कॉर्नेलिया सोराबजी. आमच्या मुली ज्या शहरात शिकतात त्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. परीक्षेत इतकी वर आली की इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. ती मुलगी असल्यामुळे नाकारली. मग विलायतेतल्या लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून लोकांना आवाहन केलं, वर्गणी जमली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. 1889 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली 1920 मध्ये, म्हणून तिच्या हातात पदवी पडली 1922 मध्ये, तीस वर्षांनी.

दोघींना एकाच सुमारास बायकांनी जमवलेले पैसे मिळाले. फरक मला रात्री झोपताना कळला. कॉर्नेलियासाठीची वर्गणी तिच्यासाठी होती. ती गेली आणि ती वर्गणी संपली. पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातून दुसरी कुणी निघाली असती तर पुन्हा कुणा लेडीसाहेबांनी पत्र लिहायला हवं होतं. आयडाचे 350 डॉलर संपले तेव्हा देणाऱ्या बायका पुढच्या महिन्यात पुन्हा भेटणारच होत्या. चहा होणार, कुणाचा निबंध वाचला जाणार, आणि मग खजिनदार उभी राहणार.

स्नेहमेळाव्याच्या खर्चाचं उरलेलं उत्तर हेच असावं. भिशी ज्यांनी लावली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भिशीतले पैसे वेळेवर येतात, कारण प्रत्येकीला पुढच्या महिन्यात बाकीच्यांच्या घरी जायचं असतं.

2 डिसेंबर

मार्गारेट मॉल्टबी. या बोर्डावर माझा जीव जडला आहे.

ओबर्लिनची पदवीधर, नंतर बॉस्टनच्या टेक्नॉलॉजी संस्थेत शिकली. 1893 मध्ये संघटनेची युरोपची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती जर्मनीत ग्योटिंगेनला गेली. तिथे 1895 मध्ये पीएचडी. त्या विद्यापीठातून पीएचडी मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. विषय भौतिक रसायनशास्त्राच्या बाजूचा. परत येऊन न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली. 1906 मध्ये त्याच विभागातल्या हॅरिएट ब्रुक्स हिचं लग्न ठरलं. लग्न करणार तर नोकरी सोडावी लागेल, असं कॉलेजच्या डीनबाईंनी कळवलं. तेव्हा मॉल्टबी ब्रुक्सच्या बाजूने उभी राहिली. यश आलं नाही, पण उभी राहिली.

आणि 1913 पासून सुमारे दहा वर्षं मॉल्टबीनेच संघटनेच्या शिष्यवृत्ती समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. जिने अर्ज केला होता तीच आता अर्ज वाचत होती. 1929 मध्ये तिने 1888 पासूनच्या सगळ्या शिष्यवृत्त्यांचा इतिहास लिहून काढला. कुणाला मिळाली, पुढे तिने काय केलं. आम्ही आजवर फी भरलेल्या मुलींची यादी माझ्याकडे मागितली तर एका वहीत नावं आहेत, पुढे काय झालं ते एकीचंही नाही. जानेवारीनंतर हे काम माझ्याकडे घेते.

6 डिसेंबर

सातवा आणि आठवा बोर्ड भराभर झाला. 1921 मध्ये दक्षिणेकडच्या पदवीधर स्त्रियांची संघटनाही मिळाली आणि आजचं नाव पडलं. त्याच वर्षी मेरी क्यूरी अमेरिकेत आल्या. त्यांना संशोधनासाठी 1 ग्रॅम रेडियम हवं होतं, किंमत 1 लाख डॉलर. वर्गणीची मोहीम पत्रकार मेरी मेलोनी यांनी चालवली, अमेरिकेतल्या बायकांनी पैसे दिले, त्यात विद्यापीठांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. 20 मे 1921 रोजी अध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये ते क्यूरीबाईंच्या स्वाधीन केलं. 1947 मध्ये संघटनेने आनुवंशिकीच्या संशोधक बार्बरा मॅक्लिंटॉक यांना पुरस्कार दिला. मक्याच्या दाण्यांवरच्या कामाला नोबेल मिळायला त्यांना 1983 पर्यंत थांबावं लागलं.

15 डिसेंबर, रविवार

आजची बैठक अवघड झाली. नवव्या बोर्डावरून.

मजकूर असा आहे. मेरी चर्च टेरेल, कृष्णवर्णीय, ओबर्लिनची 1884 ची पदवीधर. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची 1896 मधली पहिली अध्यक्ष. पदवीधर स्त्रियांच्या या संघटनेची ती पूर्वी सभासद होती, मधे सभासदत्व सुटलं. 1946 मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, तिने वॉशिंग्टन शाखेत पुन्हा अर्ज केला. शाखेने नाकारला. कारण तिचा वर्ण. राष्ट्रीय मंडळ म्हणालं, मान्यताप्राप्त पदवी असेल तर घ्यायलाच हवं. शाखा म्हणाली, आमच्यात कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1949 च्या जूनमध्ये निकाल शाखेच्या बाजूने लागला, कारण नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. त्याच महिन्यात सिएटलच्या अधिवेशनात नियमच बदलला गेला: पात्रता फक्त पदवीची. बाजूने 2,168 मतं, विरोधात 65. वॉशिंग्टनमधल्या बऱ्याच जणी बाहेर पडल्या आणि त्यांनी आपला वेगळा क्लब काढला. नवी शाखा झाली, तिच्यात टेरेल आली. पुढच्या वर्षी, 1950 मध्ये, वॉशिंग्टनच्या ज्या थॉम्प्सन रेस्टॉरंटने तिला वाढायला नकार दिला त्याच्याविरुद्धचा लढा तिने उभा केला, आणि 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

दोघींचं म्हणणं पडलं, की जयंतीच्या दिवशी हे कशाला, चांगलं तेवढं दाखवू या. मी म्हटलं, मग सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांचंही नाव काढायला नको. आवाज चढला माझा, तो चढायला नको होता.

मग आमच्या खजिनदार मावशी बोलल्या. एरवी त्या हिशेबापलीकडे बोलत नाहीत. छत्तिसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले. म्हणाल्या, “आमच्या गल्लीत संक्रांतीचं हळदीकुंकू फार मोठं व्हायचं. वाण म्हणून वह्या वाटायच्या, गरीब मुलींच्या फीसाठी डबा फिरायचा. चांगलंच काम होतं. मला त्या वर्षापासून बोलावणं यायचं बंद झालं. डबा मात्र घरी पाठवायच्या, पैसे घालायला.”

कुणीच काही बोललं नाही. बोर्ड राहिला.

घरी आल्यावर सुचलं ते लिहिते. ज्या ओळखीमुळे 705 जणींनी मनातलं लिहून पाठवलं, ज्या ओळखीमुळे 350 डॉलर जमले, त्याच ओळखीने टेरेलला बाहेर ठेवलं. वॉशिंग्टनच्या बायका क्रूर होत्या असं मला वाटत नाही. त्यांना आपल्या टेबलाशी आपल्यासारखीच बाई हवी होती, आणि त्यांनी कधी विचारलं नाही की आपल्यासारखी म्हणजे कोण.

22 डिसेंबर

प्रुफं आली. छापखान्यात फॉन्ट बदलल्याने काही जोडाक्षरं तुटली आहेत: ‘ग्योटिंगेन’चं ‘ग् योटिंगेन’, ‘शिष्यवृत्ती’मधला ‘ष्य’ सगळीकडे सुटा. परत पाठवली. त्याशिवाय माझीच एक चूक सापडली. पहिल्या बोर्डावर ‘स्थापना 1881’ आणि अकराव्या बोर्डावरच्या कालपटात ‘स्थापना 1882’. आता ‘पहिली बैठक 1881, स्थापना 1882’ असं दोन्हीकडे केलं.

बारावा बोर्ड आमच्या मंडळाचा आहे. त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज जसाच्या तसा छापायचा, म्हणजे मुलींना माहिती मिळेल. तो टाइप करताना सहाव्या अटीपाशी हात थांबला: ‘अर्जदार विद्यार्थिनीस मंडळाच्या दोन सभासदांची शिफारस आवश्यक.’

ही अट पहिल्यापासून आहे. मी स्वतः कितीदा शिफारस लिहिली आहे. कुणासाठी लिहिली? मैत्रिणीच्या भाचीसाठी, शेजाऱ्यांच्या मुलीसाठी. नंदुरबारहून किंवा किनवटहून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजात पोहोचलेली मुलगी दोन माजी विद्यार्थिनी कुठून आणणार? वहीतली नावं पुन्हा वाचली. मला माहीत नाही अशा घरातली एकही नाही.

29 डिसेंबर

सहाव्या अटीचा विषय आज मांडला. विरोध कमी झाला, काळजी जास्त. शिफारस नसेल तर मुलगी खरंच गरजू आहे हे कसं कळणार? मी म्हटलं, आपण जाऊन भेटू. दोन सभासदांनी अर्जदार मुलीला वसतिगृहात भेटायचं, तिच्याशी बोलायचं, मग लिहायचं. ओळख तिने आणायची नाही, आपण करून घ्यायची. खजिनदार मावशी म्हणाल्या, पहिल्या भेटीला मी जाते. ठराव झाला.

2 जानेवारी 2025

बोर्ड संध्याकाळी टेम्पोने आले. दोन कोपरे दबलेत, चित्रकार मुलीने पिवळा कागद चिकटवून नीट केले. नववा बोर्ड भिंतीच्या टोकाला जात होता, तो उचलून दाराशेजारी लावला. एलेनच्या बोर्डाखाली मावशींनी त्यांच्या घरची सुई-दोऱ्याची जुनी पितळी डबी ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

3 जानेवारी

सकाळी दहा ते रात्री आठ. मेसच्या वेळात गर्दी झाली, ताट हातात घेऊन वाचणाऱ्या मुली होत्या. सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या आरोग्याच्या पाहणीपाशी. एकीने 705 भागिले 1,290 करून टक्केवारी पेनाने हातावर लिहिली आणि माझ्याकडे येऊन पाहणीतल्या प्रश्नांवर बराच वेळ बोलली. भौतिकशास्त्राच्या दोघी मॉल्टबीचा फोटो काढून घेऊन गेल्या.

टेबलावर जुन्या अर्जाच्या चाळीस प्रती उरल्या होत्या, त्या मावशींनी पाठकोऱ्या म्हणून बांधून ठेवल्या. सहावी अट नसलेल्या नव्या अर्जाच्या साठ प्रती होत्या. रात्री हॉल बंद करताना मोजल्या, सतरा गेल्या होत्या. सोमवारी मावशी आणि मी पहिल्या मजल्यावर, खोली क्रमांक 14 मध्ये भेटीला जाणार आहोत.